टॅबची रात्रपाळी

एप्रिलमधला शनिवार, सकाळची शाळा. शिरूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या ऑफिसात मी बसलो होतो. बाईंनी लोखंडी कपाटाचं कुलूप काढलं आणि वरच्या खणातून टॉवेलात गुंडाळलेले दहा टॅब टेबलावर मांडले. मागच्या शनिवारनंतर ते आजच उजेडात आले होते. त्यातला एक उचलून मी बटन दाबलं आणि स्वतःच्या मोबाईलवर स्टॉपवॉच सुरू केलं. कंपनीचं नाव आलं, गेलं, परत आलं. रंगीत ठिपके फिरत राहिले. पहिला पडदा दिसायला २ मिनिटं ५० सेकंद लागले. गणिताचं ॲप उघडायला आणखी ४१ सेकंद. उत्तराच्या चौकटीवर बोट ठेवल्यावर कीबोर्ड वर यायला ६. तेवढ्यात शेजारी उभ्या तिसरीतल्या मुलीनं तोंडी हिशोब करून उत्तर सांगून टाकलं होतं.

"जुने झालेत हो सर," बाई म्हणाल्या. "चार वर्षं झाली. आता नवीन मिळतील तेव्हा खरं."

हे वाक्य मी शिरूरच्या बाजारपेठेत ऐकलंय, दौंडला ऐकलंय आणि माझ्या घरातही रोज ऐकतो. यंत्र वापरलं की झिजतं, झिजलं की मंद होतं, हे त्यामागचं गृहीत. सायकलच्या साखळीला ते लागू आहे, विहिरीवरच्या मोटरीला तर आहेच. टॅबच्या आत मात्र घासून झिजेल असं जवळपास काही नाही. त्यातला प्रोसेसर पहिल्या दिवशी सेकंदाला जितक्या कोटी कृती करायचा, तितक्याच चार वर्षांनीही करू शकतो. बॅटरी आणि उष्णता हे दोन अपवाद आहेत, त्यांच्याकडे पुढं येऊ. मग ते ४१ सेकंद जातात कुठं?

भीमा-घोडच्या काठच्या माणसाला हे समजावायला साखर कारखाना पुरतो. ऊस फडात उभा असतो. तोडून तो गाडीतळावर येतो, नंबर लागतो, मग गव्हाणीत पडतो आणि पुढं गाळप. टॅबमध्ये फड म्हणजे स्टोरेज: ॲप, फोटो, व्हिडिओ सगळं तिथं पडून असतं. गाडीतळ म्हणजे रॅम: आत्ता लागणाऱ्या गोष्टी तिथं येऊन थांबतात. गव्हाण आणि चरक म्हणजे प्रोसेसर. कारखाना कमी गाळतो तेव्हा दोष चरकाचाच असतो असं नाही. बरेचदा चरक मोकळा फिरत असतो आणि ऊस वाटेत अडकलेला असतो. मंद टॅबमध्येही तेच घडतं. पडद्यावर चक्र फिरत असतं तेव्हा प्रोसेसर घाम गाळतोय असं आपल्याला वाटतं. पुष्कळदा तो नुसता वाट बघत असतो.

वाट किती बघायची, याचा अंदाज घेऊ. रॅममधली गोष्ट प्रोसेसरच्या हाती यायला सेकंदाचा साधारण एक कोटीवा भाग लागतो. तीच स्टोरेजमधून आणायची तर दहा हजारावा भाग, म्हणजे सुमारे हजारपट जास्त वेळ. त्यामुळे गाडीतळ लहान असला की हाल. बाईंच्या टॅबला २ जीबी रॅम होती. निम्म्याच्या आसपास खुद्द अँड्रॉइडच अडवून बसतं. उरलेल्या जागेत गणिताचं ॲप आलं की मागचं व्हॉट्सॲप बाहेर, व्हॉट्सॲप उघडलं की गणित बाहेर. प्रत्येक वेळी पुन्हा फडातून आणणं आलं.

इथंच एक सवय मोडायला हवी. चौकोनी बटन दाबून उघडी ॲप एकेक करून वर ढकलून देणं हा आपल्याकडचा घरगुती उपचार आहे. केर काढल्याचं समाधान मिळतं, पण रोज वापरायचं ॲप असं उडवलं तर पुढच्या वेळी ते मुळापासून उघडावं लागतं, म्हणजे जास्तच वेळ. रॅम अपुरी पडली की काय बाहेर काढायचं हे अँड्रॉइड स्वतः ठरवतं, आणि ते काम त्याला आपल्यापेक्षा बरं जमतं. एखादं ॲप अडकून बसलं असेल तेव्हा त्याला ढकलावं. बाकीच्यांना राहू द्यावं. 'रॅम बूस्टर', 'क्लीनर', 'स्पीड मास्टर' अशा नावांची ॲप तर सरळ काढून टाकावीत. जागा करून देतो म्हणत ती स्वतःच मागच्या बाजूला ठाण मांडतात, वर जाहिराती दाखवतात. त्या दहा टॅबपैकी सहांवर असं एक तरी होतं.

टॅब जन्मापासूनच मंद आहे की नंतर मंद झालाय, हे आधी ओळखायला हवं, कारण दोघांची औषधं वेगळी.

जन्मतः मंद टॅबचं आपल्या देशातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण 'आकाश'. ५ ऑक्टोबर २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी दिल्लीत तो लोकांपुढं आणला. जगातला सर्वांत स्वस्त टॅब म्हणून जगभर बातम्या झाल्या. आत ३६६ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि नखानं दाबला तरच ऐकणारा पडदा. पहिल्या दिवशीही तो रखडायचा. पुढं हा प्रकल्प आयआयटी मुंबईकडं आला, प्रा. दीपक फाटक यांनी त्याची धुरा घेतली आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये 'आकाश-२' आला: १ गिगाहर्ट्‌झ, ५१२ एमबी, बोटाचा स्पर्श ओळखणारा पडदा. फरक लगेच जाणवला. पहिल्या आकाशची कितीही साफसफाई केली असती तरी तो आकाश-२ झाला नसता.

दुसरं उदाहरण अजून ताजं आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरच्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाईल परत करायला सुरुवात केली. मोबाईलची रॅम २ जीबी, आणि त्याच वर्षी केंद्राचं 'पोषण ट्रॅकर' हे ॲप त्यावर चालवायचं होतं. मोबाईल गरम होतो, हँग होतो, शिवाय ॲप इंग्रजीत, अशा तक्रारी होत्या. 'बायकांना मोबाईल वापरता येत नाही' असं तेव्हा काही शहाण्यांनी म्हटलं. मला तर त्या सेविकांचं निदान अगदी अचूक वाटलं. गाडीतळ दहा गाड्यांचा आणि टोकन पन्नासांना दिलेलं, यात गाडीवानाचा काय दोष?

ओळखायची खूण सोपी आहे. पहिल्या सहा महिन्यांत तो बरा चालत होता का, हे आठवायचं. बाई म्हणाल्या, "पहिल्या वर्षी काय पळायचे! मुलं सोडायचीच नाहीत." म्हणजे आमचे टॅब नंतर मंद झाले होते. आशा होती.

सेटिंगमध्ये जाऊन स्टोरेज उघडलं. १६ जीबीपैकी मोकळं फक्त ४१० एमबी, तीन टक्क्यांच्या आत. हा आकडा दिसला की मला निम्मं निदान झाल्यासारखं वाटतं. मात्र स्टोरेज भरल्यानं टॅब मंद का व्हावा, हा प्रश्न बाईंनीच विचारला आणि तो रास्त होता. गोदाम भरलं म्हणून दुकानदार हळू थोडाच चालतो?

उत्तर टॅबच्या स्टोरेजच्या विचित्र स्वभावात आहे. याला फ्लॅश मेमरी म्हणतात. तोशिबा कंपनीतले जपानी अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात ती शोधून काढली. कॅमेऱ्याचा फ्लॅश लखकन उडतो तशी यातली माहिती एका झटक्यात पुसली जाते, म्हणून एका सहकाऱ्यानं हे नाव सुचवलं. नावातच तिची खोड आहे. लिहायचं झालं तर ती एकेका पानावर लिहिते, आणि पान म्हणजे जेमतेम चार ते सोळा किलोबाईट. पुसायचं झालं तर मात्र एक पान पुसता येत नाही, शेकडो पानांचा अख्खा गठ्ठा पुसावा लागतो. आणि लिहिलेल्या पानावर पुन्हा लिहिता येत नाही, आधी ते पुसलेलंच असावं लागतं.

पाटीवर करून बघा. पाटीभर शब्द लिहिलेत आणि अट अशी, की एकच शब्द पुसता येणार नाही, पुसायची तर अख्खी पाटी. मधला एक शब्द बदलायचा आहे. शेजारी कोरी पाटी असेल तर सोपं: नवा शब्द तिच्यावर लिहा आणि जुन्यावर काट मारा, पुसायचं सवडीनं बघू. पण कोरी पाटी नसेल तर? आधी राखायचे शब्द कुठंतरी उतरवून घ्या, मग पाटी धुवा, वाळवा, ते शब्द परत लिहा आणि शेवटी तो एक नवा शब्द. एका शब्दासाठी पन्नास शब्दांची हमाली. स्टोरेज काठोकाठ भरलेला टॅब दर मिनिटाला हीच हमाली करत असतो, कारण आपण काही लिहीत नसलो तरी ॲप सतत काही ना काही नोंदवत असतात. एक गठ्ठा पुसायला सेकंदाचे काही हजारावे भाग लागतात. ऐकायला किरकोळ वाटतं, पण तेवढ्यात वाचनाची मागणी आली की तिलाही रांगेत उभं राहावं लागतं. कीबोर्डचे ते ६ सेकंद या रांगेतले.

काट मारण्यातही एक गंमत आहे. तुम्ही फोटो डिलीट केला म्हणजे अँड्रॉइड आपल्या यादीतून त्याचं नाव काढतं. स्टोरेजच्या चिपला मात्र कोणी सांगितलेलंच नसतं, त्यामुळे ती बिचारी तो मेलेला फोटो इमानेइतबारे जपत, गठ्ठ्यागठ्ठ्यांतून हलवत बसते. 'ही पानं आता नकोत' असं चिपला कळवण्याच्या सोयीला ट्रिम म्हणतात. २०१२ चा गूगलचा 'नेक्सस ७' हा टॅब या पायी बदनाम झाला होता: घेतला तेव्हा चपळ, भरत गेला तसा जड. जुलै २०१३ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ४.३ नं ट्रिम आणलं आणि अनेकांचे तेच टॅब पुन्हा चालायला लागले. आतला सुटा भाग एकही बदलला नव्हता.

तेव्हा पहिलं काम जागा मोकळी करणं. किती? माझा ठोकताळा पाचवा हिस्सा. १६ जीबीच्या टॅबवर ३ जीबी तरी कोरं हवं.

हे काम आम्ही सातवीच्या मुलांकडून करून घेतलं. शिरूर तालुक्यात पाबळ आहे. मस्तानीच्या समाधीसाठी गाव सगळ्यांना ठाऊक असतं, पण १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तिथं विज्ञान आश्रम सुरू केला हे कमी जणांना माहीत. हिंदुस्तान लिव्हरमधलं संशोधन सोडून हा माणूस पाबळच्या माळावर आला, ते मुलांनी हातानं काम करत शिकावं म्हणून. २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीनं उभ्या राहिलेल्या सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक याच आश्रमात आहे. शिक्रापूरजवळच्या वाबळेवाडीची शाळा मुलांच्या हाती टॅब दिल्यामुळेही गाजली. अशा तालुक्यात टॅब मास्तरांनी साफ करायचा आणि मुलांनी नुसता बघायचा, हे बरं दिसलं नसतं.

मुलांना स्टोरेजच्या पट्टीवरून शेकडेवारी काढायला सांगितली. ॲप किती टक्के, व्हिडिओ किती, चित्रं किती. दहा मिनिटांत फळ्यावर तक्ता तयार झाला. व्हॉट्सॲपचं फोल्डर एकटं ४.६ जीबी! टॅबवर शाळेच्या गटासाठी व्हॉट्सॲप घातलं होतं आणि 'मीडिया आपोआप डाउनलोड' सुरूच राहिलं होतं. सुप्रभातची फुलं, गुरुवारचे स्वामी, एकादशीचा विठोबा. एकच परिपत्रक अकरा वेळा, अकरा गटांतून. एका मुलानं विचारलं, "सर, देव डिलीट केले तर चालतं का?" त्याला सांगितलं, मूळ प्रत पंढरपूरला सुरक्षित आहे.

पुसताना एका ठिकाणी मात्र हात आखडता घ्यावा. ॲपच्या माहितीत दोन बटणं शेजारी असतात, 'क्लिअर कॅशे' आणि 'क्लिअर डेटा'. कॅशे म्हणजे पुन्हा आणता येईल असा तात्पुरता साठा, तो खुशाल पुसावा. फार फायद्याची आशा मात्र धरू नये, तो परत भरतोच. डेटा पुसला की ॲप कोरं करकरीत होतं. ई-पीक पाहणीसारखी किंवा सर्वेक्षणाची ॲप रेंज नसताना माहिती टॅबमध्येच साठवून ठेवतात आणि रेंजमध्ये आल्यावर पाठवतात. न पाठवलेली माहिती आत असताना 'क्लिअर डेटा' दाबलं, तर उन्हातान्हात बांधावर उभं राहून भरलेलं सगळं गेलं. एका शिक्षकाचं घरोघरचं सर्वेक्षण असं गेलेलं मी पाहिलंय. त्या माणसाचा चेहरा आठवला की अजून पोटात कालवतं.

मेमरी कार्डाचंही असंच. फोटो आणि व्हिडिओ ठेवायला कार्ड उत्तम. पण अँड्रॉइड ६ पासून काही टॅबवर कार्डाला आतल्या स्टोरेजमध्येच सामील करून घ्यायची सोय आली, आणि स्वस्तातलं कार्ड असं जोडलं की सगळा टॅब त्या कार्डाच्या चालीनं चालायला लागतो. कार्डावर 'ए१' अशी खूण बघावी. सेकंदाला किमान १५०० वेळा इथून-तिथून वाचण्याची आणि ५०० वेळा लिहिण्याची ती हमी असते. ॲपला लागते ती ही धावपळ. मोठ्या अक्षरात छापलेला एमबीचा आकडा व्हिडिओ उतरवताना कामाचा.

दुपारपर्यंत प्रत्येक टॅबवर ४ ते ५ जीबी मोकळे झाले. मोठ्या दिमाखात पुन्हा स्टॉपवॉच लावलं. ॲप उघडायला ३३ सेकंद. फक्त आठ सेकंदांची कमाई! मुलं माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होती ती सांगण्यासारखी नाही.

घरी जाताना डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. हे टॅब आठवड्यात सहा दिवस बंद करून, कुलपात ठेवलेले असतात. जपून वापरलेले आहेत, असं बाई अभिमानानं सांगत होत्या आणि खरंच एकाचीही काच तडकलेली नव्हती. मंदपणाचं मूळ या जपण्यातच होतं.

अँड्रॉइडची घरकामं रात्री चालतात. ट्रिम कधी होतं? टॅब चालू असावा, चार्जरला असावा आणि कोणी हात लावत नसावा. दुसरं मोठं काम भाषांतराचं. ॲप बनवणारा ते एका सामाईक भाषेत पाठवतो. तुमच्या टॅबच्या प्रोसेसरला कळेल अशा भाषेत ते उतरवावं लागतं. आयत्या वेळी एकेक ओळ उतरवत बसलं तर ॲप रखडतं. म्हणून २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून अशी व्यवस्था आहे, की तुम्ही जे भाग वारंवार वापरता त्यांचं भाषांतर टॅब निवांत पडून चार्ज होत असताना करून ठेवायचं. ॲपचं नवं अपडेट आलं की जुनं भाषांतर रद्द, पुन्हा पहिल्यापासून. अपडेट उतरवणं, फोटोंची यादी लावणं, ही कामंही शक्यतो तेव्हाच. थोडक्यात, कारखान्यासारखी टॅबलाही रात्रपाळी आहे. आपला मोबाईल रात्री उशाशी चार्जिंगला असतो, म्हणून त्याची रात्रपाळी आपोआप भरते. कपाटातल्या टॅबला रात्रच मिळत नाही. शनिवारी सकाळी त्याला उठवलं, बाईंनी हॉटस्पॉट दिला, की आठवड्याभराची तुंबलेली कामं एकदम अंगावर येतात. वीस ॲपची अपडेट, त्यांची भाषांतरं, गटांतले शेकडो मेसेज, आणि त्याच वेळी तिसरीची मुलगी उत्तराच्या चौकटीवर बोट ठेवून उभी.

म्हणून औषध ठरलं: शाळेतल्या पाचही शिक्षकांनी शनिवारी दोन-दोन टॅब घरी न्यायचे. रात्री चालू ठेवून चार्जिंगला लावायचे, घरचं वायफाय किंवा हॉटस्पॉट द्यायचा, आणि मग त्याच्याकडं बघायचंसुद्धा नाही.

त्याआधी एक टॅब वेगळा काढावा लागला. साफसफाईनंतरही तो अधूनमधून गोठत होता. अशा वेळी सेफ मोडमध्ये सुरू करून बघतात. त्यात बाहेरून घातलेली सगळी ॲप झोपलेली असतात, कंपनीची तेवढी जागी. बहुतेक टॅबवर बंद करायचं बटन पडद्यावर दाबून धरलं की ही सोय मिळते. सेफ मोडमध्ये टॅब नीट चालला तर दोष एखाद्या ॲपचा, एकेक काढून चोर पकडायचा. आमचा तिथंही गोठत होता. शिरूरमधल्या दुरुस्तीवाल्या पोरानं बघितलं न बघितलं आणि निकाल दिला, "सर, ह्याला सॉफ्टवेअर मारायला लागंल." त्याआधी फॅक्टरी रिसेट करून बघू म्हटलं. सगळं पुसून टॅब पहिल्या दिवसासारखा होतो, आणि नंतर मंद झालेल्या टॅबवर याच्याइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही.

केला, आणि फसलो. टॅब सुरू झाला आणि आधीच्या गूगल खात्याचा पासवर्ड मागायला लागला. २०१५ च्या अँड्रॉइड ५.१ पासून ही चोरांविरुद्धची कडी आहे: पडद्याला कुलूप लावलेला टॅब परस्पर रिसेट केला तर जुन्या खात्याशिवाय उघडत नाही. रिसेट करण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन ते खातं काढायचं असतं, एवढं साधं मी विसरलो. खातं होतं चार वर्षांपूर्वीच्या सरांचं, आणि सरांची बदली झालेली दौंड तालुक्यात. फोन केला तर म्हणाले, "पासवर्ड फोनवर नको, या की घरी. चहा घेऊ."

न्हावरे, पारगाव, चौफुला, पाटस असं करत दौंडला पोचेपर्यंत दुपारचे दोन वाजले. पारा चाळिशीला टेकलेला. टॅब गाडीच्या काचेपाशी डॅशबोर्डवर ठेवला होता, तो हातात धरवेना. सुरू केला तर पडदा मंद आणि अक्षर टाईप व्हायला दोन-दोन सेकंद. हा मंदपणा वेगळा. प्रोसेसर ठरावीक मर्यादेपलीकडं तापला की स्वतःहून वेग कमी करतो, जळून जाऊ नये म्हणून. ॲपल आपल्या आयपॅडसाठी ० ते ३५ अंश सेल्सिअस हवामान सांगतं. आपल्याकडचा एप्रिल-मे त्या हिशोबाबाहेरचाच आहे, आणि पत्र्याखालची वर्गखोली तर विचारूच नका. उन्हाळ्यात टॅब दुपारी रखडत असेल आणि सकाळी बरा चालत असेल, तर सेटिंगमध्ये काही शोधू नये. जाड कव्हर काढावं, चार्जिंगला लावून वापरू नये, पंख्याखाली ठेवावा. फ्रीजमध्ये ठेवू नये. हसू नका, ठेवणारे भेटलेत. आत पाणी धरतं.

बॅटरीचंही इथंच सांगून टाकतो. जुन्या बॅटरीला एकदम जोराचा प्रवाह देता येत नाही. २०१७ च्या डिसेंबरमध्ये ॲपलनं मान्य केलं, की जुन्या बॅटरीचे आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून आपणच त्यांचा वेग कमी करत होतो. गवगवा झाला, खटले झाले, २०२० मध्ये ५० कोटी डॉलरपर्यंतची भरपाई कबूल करावी लागली. बॅटरी बदलली की तेच फोन पूर्ववत चालत होते. टॅबची पाठ फुगलेली दिसली, तर वेगाचा विचार सोडून तो आधी बंद करावा आणि दुकानात न्यावा.

सरांनी माळ्यावरून जुन्या टाचण वह्या काढल्या. दोन वह्या धुंडाळल्यावर तिसरीच्या मागच्या पानावर, शालेय पोषण आहाराच्या तांदळाच्या हिशोबाखाली, पासवर्ड सापडला. टॅब उघडला. मग सरांनीच एक गोष्ट दाखवली. सेटिंगमध्ये 'बिल्ड नंबर'वर सात वेळा बोट मारलं की 'डेव्हलपर ऑप्शन्स' नावाचं दार उघडतं. आत ॲनिमेशनची तीन मापं असतात, ती १ वरून ०.५ करायची. खिडक्या सरकत, फुलत उघडायच्या त्या पटकन उघडतात. टॅबचा वेग यानं काडीचाही वाढत नाही, मधला नाच निम्मा होतो. पण बोटाला बरं वाटतं, आणि ते बरं वाटणं मी कमी लेखत नाही. त्या दारातल्या बाकीच्या बटणांना मात्र हात लावू नये.

रिसेट करूनही तो टॅब पहिल्या वर्षीसारखा पळणार नव्हता, हे सरांना सांगितलं. पास्कल ही संगणकभाषा घडवणारे निकलाउस विर्थ यांनी १९९५ मध्येच एका लेखात तक्रार केली होती, की यंत्रं जेवढी वेगवान होतात त्याहून झपाट्यानं सॉफ्टवेअर जड होत जातं. अँड्रॉइडचंच बघा. २०१७ मध्ये १ जीबी किंवा त्याहूनही कमी रॅमच्या गरीब यंत्रांसाठी म्हणून त्याची 'गो' ही हलकी आवृत्ती आली. २०२२ च्या अँड्रॉइड १३ पर्यंत त्या गरिबांच्या आवृत्तीलाच किमान २ जीबी लागायला लागली. टॅब होता तिथंच आहे, दारिद्र्यरेषा वर सरकली. म्हणून रिसेटनंतर जुनं सगळं परत भरायचं नाही. आम्ही व्हॉट्सॲप घातलंच नाही. गणिताचं एक ॲप, वाचनाचं एक, आणि बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ. शाळेच्या टॅबला याहून जास्त काय हवं असतं?

सोमवारी सकाळी टेबलावर नऊ टॅब आले. स्टॉपवॉच बाईंनीच धरलं. सुरू व्हायला १ मिनिट १० सेकंद. गणिताचं ॲप ९ सेकंदांत. कीबोर्ड बोट टेकताच वर. बाईंनी खात्री पटेना म्हणून दुसऱ्या टॅबवर बघितलं, मग तिसऱ्यावर.

दहावा टॅब ज्या सरांकडं होता ते मधल्या सुट्टीत आले. टॅब पिशवीतून काढताना जरा ओशाळले होते. रात्री चार्जिंगला लावला होता, वायफायही दिलं होतं, फक्त घरातल्या चिरंजीवांना झोप येत नव्हती. पडद्यावर गाड्यांच्या शर्यतीचे दोन नवे गेम दिसत होते, आणि स्टोरेज ९४ टक्के.